मदत हवी आहे: शनिवारच्या जेवणासाठी सोपा कीश

येत्या शनिवारी आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतायत. मागे दोघं दादाकडे फ्रान्समध्ये नान्सीला राहून आले, तेव्हापासून तिथल्या बेकरीतला कीश (मैद्याच्या पारीत अंडं-क्रीमचं मिश्रण ओतून भाजलेला नमकीन पदार्थ) आईच्या डोक्यात बसलाय. म्हटलं, या वेळी घरीच करावा.

नान्सी पडलं लोरेन प्रांतात, त्यामुळे तिथल्या कीशमध्ये बेकन (डुकराचं मांस) असतंच. आईने तिथे बिनबेकनचा मागून खाल्ला होता. आमच्याकडे अंडं चालतं, मांस नाही. म्हणून पालक आणि मशरूम घालणार आहे.

घरात ओटीजी ओव्हन आहे, सुट्या तळाचा 9 इंची टिन आहे, अमूलचं फ्रेश क्रीम आहे. पण पुण्यातला मे महिना! बटर हातात घेतलं की वितळतं. तर खालची पारी कशी जमवायची, ती ओली राहू नये म्हणून काय करायचं, आणि आदल्या दिवशी काय काय उरकता येईल? बाहेरून मागवा असं कृपया कोणी सुचवू नका.

तिखटमीठ:
250 ग्रॅम मैदा, 125 ग्रॅम गार बटर, तीन-चार चमचे बर्फाचं पाणी. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचे, जाड रव्यासारखं दिसलं की पाणी घालून नुसतं गोळा करायचं. कणकेसारखं मळलंत तर पारी चिवट होते आणि भाजताना आक्रसते. अर्धा तास फ्रीजमध्ये, मग दोन बटर पेपरच्या मधे लाटा. टिनमध्ये बसवल्यावर पुन्हा फ्रीज. उकाड्यात ही दुसरी फेरी अजिबात चुकवू नका.

आता ओलेपणा. पारी आधी रिकामी भाजायची: काट्याने टोचे मारा, वर बटर पेपर, त्यावर काठापर्यंत कोरडे राजमे. 190 अंशांवर 15 मिनिटं, मग राजमे काढून आणखी 10. लगेच आतून अंड्याचा पांढरा भाग ब्रशने लावून दोन मिनिटं परत आत. एवढं शुक्रवारी रात्री करून ठेवता येतं.

ओवा:
पारीपेक्षा पालकच जास्त दगा देतो. परतून गार करा आणि फडक्यात घालून पिळा, वाटीभर पाणी निघालं तरी थांबू नका. मशरूमही सुटलेलं पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. मिश्रणाला 3 अंडी, 200 मिली क्रीम, 100 मिली दूध, मिरपूड, किंचित जायफळ. अमूलच्या त्या क्रीममध्ये फॅट 25 टक्केच असतं, तेव्हा दूध थोडं कमी घेतलंत तरी चालेल. 175 अंशांवर 30-35 मिनिटं. कडा बसलेल्या आणि मधला भाग हलवल्यावर जरासा थरथरतोय, तिथेच बंद करा. पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवलात तर अंडं फाटून पाणी सुटतं.

खवय्या_नं१:
चीज राहिलं! जुन्या पद्धतीच्या लोरेन कीशमध्ये चीज नसायचं हे खरं, पण पालकाला ते हवंच. 80-100 ग्रॅम चेडर किसून. प्रोसेस्ड स्लाइस नको, रबर लागतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार! म्हणजे शुक्रवारी पारी आणि भाज्या, शनिवारी संध्याकाळी फक्त ओतून भाजायचं. आम्ही आठ जण आहोत, एक पुरेल ना? आणि ते राजमे नंतर उसळीला चालतील का?

तिखटमीठ:
बाकी जेवण असेल तर पुरेल. काढल्यावर 15-20 मिनिटं थांबून मगच कापा, गरम गरम कापलात तर तुकडा उभा राहत नाही. राजमे भाजल्यावर धड शिजत नाहीत. बरणीत भरा आणि वर चिठ्ठी लावा, नाहीतर घरातलं कोणीतरी रात्री भिजत घालेल.