आयोवात एक्स्टेन्शनचा पैसा येतो कुठून

कोणीतरी लिहिलंय की अमेरिकेतलं कृषी विस्ताराचं काम (एक्स्टेन्शन, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणं) सगळं केंद्राच्या पैशावर चालतं. तसं नाही. या कामाला केंद्राचा निधी देणाऱ्या 1914 च्या स्मिथ-लीव्हर कायद्यात प्रत्येक राज्याला वर्षाला 10,000 डॉलर सरळ मिळत. त्यावरच्या रकमेसाठी राज्याला किंवा स्थानिकांना तेवढाच वाटा घालावा लागे. शिवाय त्या निधीतून इमारत बांधता येत नाही, डागडुजीही नाही, की जमीन भाड्याने घेता येत नाही. नवख्या लोकांची गफलत नेमकी इथेच होते.

आयोवा राज्यात केंद्राच्या निधीतली ही उणीव कौंटीतला (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मालमत्ता कर भरून काढतो. तिथे प्रत्येक एक्स्टेन्शन जिल्ह्यात नऊ जणांची कौन्सिल थेट मतदानाने निवडली जाते. कराची मागणी तीच ठरवते, अर्थात कायद्याने घातलेल्या मर्यादेत. कौंट्या 99, एक्स्टेन्शन जिल्हे मात्र 100, कारण पॉटावॅटमी या एका कौंटीचे दोन केलेत! 1955 च्या कायद्याआधी हा स्थानिक भागीदार फार्म ब्युरो होता, म्हणजे शेतकऱ्यांची खाजगी संघटना. त्या कायद्याने एक्स्टेन्शनची फार्म ब्युरोपासून फारकत झाली हे बरंच झालं.