युनिक कन्स्ट्रेंट असूनही एकच ईमेल दोन ओळींत (पोस्टग्रेस १३, सर्व्हर बदलल्यानंतर)

वाचनालय_आयटी (प्रश्न)

सार्वजनिक वाचनालयाचा पोस्टग्रेस डेटाबेस आहे. 'सभासद' टेबलात साधारण सव्वादोन लाख ओळी. 'आयडी' ही बिगइंट प्रायमरी की. 'सभासद_कोड', 'ईमेल' आणि 'मोबाइल' हे तिन्ही टेक्स्ट, तिन्हींवर युनिक कन्स्ट्रेंट (एकच मूल्य दोन ओळींत येऊ नये हा नियम). कोडचा नमुना 'केपी-१०-२३१' असा, मधे हायफन, अक्षरं-आकडे रोमन.

मशीन सेंटओएस ७ वरून रॉकी लिनक्स ९ वर हलवलं. पोस्टग्रेस दोन्हीकडे १३ च, म्हणून डेटा डिरेक्टरी सर्व्हर बंद करून आरसिंकने जशीच्या तशी नेली. सर्व्हर पहिल्या झटक्यात उठला, लॉग स्वच्छ. त्यानंतर हे दिसतंय:

– रात्रीचा सिंक 'इन्सर्ट… ऑन कॉन्फ्लिक्ट (सभासद_कोड) डू अपडेट' वापरतो. काही जुन्या सभासदांच्या बाबतीत त्याने अपडेट न करता नवी ओळच घातली.
– काउंटरवर ईमेल टाकून शोधलं की काही सभासद 'सापडत नाहीत'. आयडीने शोधलं की सापडतात.
– 'ग्रुप बाय ईमेल हॅविंग काउंट(*) > १' फक्त ३ ईमेल दाखवतं. तक्रारी त्याहून पुष्कळ जास्त आहेत.
– पीजी-डंप (डेटाबेसची उतरवून काढलेली प्रत) निघतो, पण दुसरीकडे रिस्टोअर करताना युनिक कन्स्ट्रेंट बनवायच्या पायरीवर फुटतो.
– 'मोबाइल'मध्ये एकही दुबार नाही.

कन्स्ट्रेंट असताना हे होऊच कसं शकतं? आणि देवघेवीच्या नोंदी न गमावता साफ कसं करायचं? शिवाय 'गाव' टेबलात 'कऱ्हाड' दोनदा दिसतंय, नावावर युनिक असूनही. तेही याच दुखण्यातलं का?

रिकामी_ओळ

आधी ठरवा की हे खरे दुबार आहेत की नुसते दिसायला सारखे. एका जोडीचे दोन आयडी घ्या आणि 'ए.ईमेल = बी.ईमेल' एवढंच सिलेक्ट करा. उत्तर फॉल्स आलं तर डेटाबेसचा काही दोष नाही. शेवटी स्पेस असेल, वर्डमधून चिकटवलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस असेल, नाहीतर एकात मोठी लिपी आणि दुसऱ्यात लहान. 'लेंग्थ' आणि 'ऑक्टेट_लेंग्थ' शेजारी शेजारी छापलं की लगेच कळतं. नाहीच कळलं तर 'एन्कोड(कन्व्हर्ट_टू(ईमेल, यूटीएफ८), हेक्स)'.

ट्रू आलं तर पुढचं बघा. कन्स्ट्रेंट खरंच त्याच टेबलावर आहे ना? इनहेरिटन्सने बनवलेल्या चाइल्ड टेबलांना पालकाचं युनिक लागू होत नाही. कन्स्ट्रेंटमागचा इंडेक्स (झटपट शोधासाठीची क्रमवार सूची) वैध आहे का, म्हणजे 'पीजी_इंडेक्स'मध्ये 'इंडइजव्हॅलिड' ट्रू आहे का? 'क्रिएट युनिक इंडेक्स कॉन्करंटली' मधेच फसलं की अवैध इंडेक्स मागे उरतो. तो नव्या ओळी अडवू शकतो, पण जुने दुबार तसेच पडून राहतात. नल (मूल्यच नसणं) हा प्रकार वेगळा: युनिक कॉलममध्ये नल कितीही चालतात, 'नल्स नॉट डिस्टिंक्ट' १५ पासून मिळतं.

तुमची लक्षणं मात्र यातल्या कशाशीच नीट जुळत नाहीत. आयडीने सापडतो आणि ईमेलने नाही, म्हणजे इंडेक्सच खोटं बोलतोय.

लोकेल_तपासनीस

सेंटओएस ७ ते रॉकी ९ आणि डिरेक्टरी जशीच्या तशी, एवढ्यावरच निदान होतं. हा जीलिबसीचा, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचा मामला आहे.

टेक्स्टच्या बी-ट्री इंडेक्समध्ये नोंदी क्रमाने लावलेल्या असतात, आणि कोणतं अक्षर आधी हे पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही. डेटाबेसचं लोकेल (भाषा आणि वर्णक्रमाची सेटिंग) 'ईएन_यूएस.यूटीएफ-८' असेल तर ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसीला विचारतं. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने वर्णक्रमाचे तक्ते मोठ्या प्रमाणात बदलले. सेंटओएस ७ मध्ये २.१७ आहे, रॉकी ९ मध्ये २.३४. म्हणजे इंडेक्स लावला जुन्या क्रमाने, आणि शोध चाललाय नव्या क्रमाने.

आता 'ऑन कॉन्फ्लिक्ट' काय करतं बघा. नवा कोड आला की झाडाच्या मुळापासून तुलना करत खाली जायचं आणि ज्या पानावर तो असायला हवा तिथे बघायचं. तुलनेचा नियम बदलल्यामुळे उतरताना वाट चुकते, भलत्याच पानावर पोचतो, तिथे कोड नसतो. मग तो 'नाही' समजून तिथेच नवी नोंद लिहितो. काउंटरवर सभासद न सापडणं हेही तेच.

मोबाइल का वाचला? जुने तक्ते हायफन, टिंब, '@' अशी चिन्हं पहिल्या फेरीत धरतच नसत. नवे धरतात. नुसत्या आकड्यांच्या स्ट्रिंगांचा क्रम दोन्हीकडे तोच. तुमच्या कोडात हायफन आहे, ईमेलमध्ये टिंब आणि '@'.

खात्री करायची तर जुन्या आणि नव्या मशीनवर 'एलसी_कोलेट=ईएन_यूएस.यूटीएफ-८ सॉर्ट'ला दोन ओळी द्या: १-१ आणि ११ (इंग्रजी आकड्यांत). जुन्यावर ११ आधी येईल, नव्यावर १-१ आधी. मग 'क्रिएट एक्स्टेन्शन एमचेक' (इंडेक्स तपासणारी जोडणी) करून 'बीटी_इंडेक्स_चेक(इंडेक्सचं नाव, ट्रू)' चालवा. बिघडलेल्या इंडेक्सवर 'आयटम ऑर्डर इन्व्हेरियंट व्हायोलेटेड' अशी एरर येते.

फक्त ३ दुबार दिसतात त्याचंही कारण इंडेक्सच. तुमची 'ग्रुप बाय' क्वेरी बहुधा इंडेक्स-ओन्ली स्कॅन करतेय. इंडेक्स क्रमाने लागलाय असं धरून ती फक्त शेजारच्या नोंदी ताडते, आणि दुबार नोंदी तर वेगवेगळ्या पानांवर आहेत. 'एनेबल_इंडेक्सस्कॅन', 'एनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन' आणि 'एनेबल_बिटमॅपस्कॅन' तिन्ही ऑफ करा, एक्सप्लेनमध्ये 'सेक स्कॅन' (इंडेक्सऐवजी अख्खं टेबल वाचणं) आल्याचं बघा आणि मग मोजा.

तोवर लिहिणारं सगळं बंद ठेवा. सिंक जॉब तर आत्ताच थांबवा, तो दर रात्री भर घालतोय.

वाचनालय_आयटी

सिंक आणि ॲप दोन्ही बंद केलं. सॉर्टचं उत्तर दोन मशीनवर उलटसुलट आलं, तुम्ही म्हणालात तसंच. एमचेकने कोड आणि ईमेल दोन्ही इंडेक्सवर तीच एरर दिली, मोबाइलवर नाही. इंडेक्स स्कॅन बंद करून मोजलं तर दुबार कोड ४१ आणि दुबार ईमेल ५८.

थेट 'रीइंडेक्स टेबल सभासद' (इंडेक्स नव्याने बांधणं) केलं तर 'कुड नॉट क्रिएट युनिक इंडेक्स' आणि एक कोड दाखवून थांबतं. एकेक कोड असा काढत बसायचा का?

लोकेल_तपासनीस

नाही. रीइंडेक्स फक्त पहिला सापडलेला दुबार सांगून थांबतो, त्याच्या मागे लागू नका. आणि इंटरनेटवर जागोजागी दिलेली 'सीटीआयडी (ओळीची टेबलातली जागा) मोठा असलेली ओळ उडवा' ही एका ओळीची डिलीट इथे अजिबात चालवू नका. तुमच्या दुबार ओळींना वेगवेगळे आयडी आहेत आणि त्या आयडींवर पुस्तकं दिलेली असणार.

सर्व्हर बंद करून अख्ख्या डेटा डिरेक्टरीची प्रत काढा. पीजी-डंप हा इथे पुरेसा बॅकअप नाही, तो रिस्टोअर होत नाही हे तुम्ही पाहिलंच आहे.

मग 'स्लॅश-डी सभासद' करून 'रेफरन्स्ड बाय' ही यादी वाचा. इथे घाई केली तर डेटा जातो. एखादं चाइल्ड टेबल आयडीऐवजी 'सभासद_कोड'ला फॉरेन कीने (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी जोडणारा दुवा) बांधलेलं असेल आणि त्यावर 'ऑन डिलीट कॅस्केड' असेल, तर दोनपैकी एक ओळ उडवली की त्या कोडच्या सगळ्या चाइल्ड नोंदी जातील. तोच कोड असलेली दुसरी ओळ शिल्लक आहे, हे कॅस्केड बघत नाही. अशा फॉरेन की तेवढ्यापुरत्या ड्रॉप करा, व्याख्या लिहून ठेवून. मग कोड आणि ईमेलवरचे युनिक कन्स्ट्रेंटही ड्रॉप करा. बिघडलेला इंडेक्स जाग्यावर ठेवून अपडेट करत राहिलात तर तो मधेच कुठेही खोटी एरर देईल.

आता जोड्यांचं टेबल बनवा. प्रत्येक दुबार कोडसाठी 'मिन(आयडी)' म्हणजे ठेवायचा, बाकीचे आयडी उडवायचे. ईमेलचं टेबल वेगळं. ५८ मध्ये ४१ मधलेच बरेच असतील. उरलेल्यांत कोड वेगळा आणि ईमेल तोच, म्हणजे एकाच माणसाची दोन सभासदत्वं किंवा घरात एकच ईमेल वापरणारे दोघे असू शकतात. ती यादी छापून ग्रंथपालांकडे द्या. ते एसक्यूएलने ठरवायचं काम नाही.

जुनी ओळ ठेवायची, पण नव्या ओळीतला पत्ता आणि वर्गणीची तारीख ताजी असते, कारण सिंकने अपडेट तिथे लिहिलंय. ते कॉलम जुन्या ओळीत उचलून घ्या. मग देवघेव, अनामत, दंड अशा प्रत्येक टेबलात 'सभासद_आयडी' नव्यावरून जुन्यावर वळवा. वर्गणीच्या टेबलात (सभासद_आयडी, वर्ष) असं युनिक असेल तर हे अपडेट तिथे अडेल. एकाच वर्षाच्या दोन पावत्या आधी बघून घ्या. सगळं वळलं की शेवटी डिलीट. हे सारं एका ट्रान्झॅक्शनमध्ये. कमिटच्या आधी कोडसाठी तीच 'ग्रुप बाय' शून्य ओळी देते का बघा, इंडेक्स स्कॅन बंदच ठेवून. ईमेलचं शून्य ग्रंथपालांची यादी परत आल्यावरच येईल, तोवर ईमेलवरचं युनिक परत लावू नका आणि ॲपही उघडू नका.

दोन्ही शून्य झाली की कन्स्ट्रेंट परत लावा, फॉरेन की परत लावा आणि रीइंडेक्स अख्ख्या डेटाबेसवर चालवा. 'नाव', 'शीर्षक' यांवरचे साधे इंडेक्सही तितकेच बिघडलेले आहेत, फक्त ते एरर देत नाहीत, ओळी गाळतात. सव्वादोन लाख ओळींना 'कॉन्करंटली'ची गरज नाही. वापरलंत आणि फसलं, तर मागे '_सीसीन्यू' शेपटीचा अवैध इंडेक्स उरतो, तो ड्रॉप करावा लागतो. शेवटी एमचेक पुन्हा.

देवनागरी_बाइट

'कऱ्हाड'चं दुखणं वेगळं आहे. तिथे 'ए.नाव = बी.नाव' फॉल्स येईल, पैजेवर सांगतो.

हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक: ऱ (यू+०९३१) आणि हलन्त. दुसरा: साधा र (यू+०९३०), हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (यू+२००डी). पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. पहिल्या 'कऱ्हाड'ची लेंग्थ ६ आणि ऑक्टेट लेंग्थ १८, दुसऱ्याची ७ आणि २१. नेहमीच्या कोलेशनमध्ये (तुलनेच्या आणि वर्णक्रमाच्या नियमांत) पोस्टग्रेस शेवटी बाइट ताडून बघतं, म्हणून बाइट वेगळे तर मूल्य वेगळं. युनिकचं काहीही चुकलेलं नाही.

'नॉर्मलाइझ(नाव, एनएफसी)', म्हणजे युनिकोडच्या नियमाने एकसारखं रूप देणं, १३ पासून आहे, पण ते पुरत नाही. र आणि नुक्ता असं असेल तर ते ऱ करून देतं, जॉइनरला हात लावत नाही. तसंच 'ॲ' हे एकच अक्षर (यू+०९७२) आणि 'अ'वर चंद्र दिलेली दोन अक्षरं, ही एनएफसीच्या दृष्टीने वेगळीच राहतात. 'ऑ'ऐवजी 'आ'वर चंद्र, हा प्रकार तर जुन्या फॉन्टांतून कन्व्हर्ट केलेल्या याद्यांत खच्चून भरलेला असतो.

म्हणून स्वतःचं एक फंक्शन लिहा, इम्युटेबल, या क्रमाने: र-हलन्त-जॉइनर बदलून ऱ-हलन्त, 'अ' आणि चंद्र बदलून 'ॲ', 'आ' आणि चंद्र बदलून 'ऑ', मग उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढणं, मग एनएफसी, शेवटी बीट्रिम. क्रम मोडू नका. जॉइनर आधी काढलात तर 'ऱ्ह'चा रफार होऊन 'कर्हाड' उरेल, आणि ते तिसरंच गाव होईल. या फंक्शनवर युनिक इंडेक्स लावा. मूळ नाव टाइप झालं तसं राहू द्या.

'कराड' असं लिहिलेलं मात्र कुठल्याच नॉर्मलायझेशनने जुळणार नाही. त्यासाठी गावाचा कोडच हवा.

रिकामी_ओळ

पुन्हा होऊ नये म्हणून: 'सभासद_कोड' आणि 'ईमेल' यांचं कोलेशन 'सी' करा. ती सरळ बाइटची तुलना, ऑपरेटिंग सिस्टिम कितीही बदला, क्रम हलत नाही. बदलताना इंडेक्स पुन्हा बांधला जातो, तेवढा वेळ टेबल अडकतं. वर 'लाइक केपी-१०%' अशा शोधाला साधा इंडेक्स चालू लागतो, हा फायदा वेगळाच.

नावांच्या यादीला 'सी' लावू नका, त्यात ळ हा ल आणि व यांच्या मधे येतो. तिथे 'ऑर्डर बाय नाव कोलेट एमआर-एक्स-आयसीयू'. फक्त आयसीयूचंही (ही जीलिबसीहून वेगळी युनिकोड लायब्ररी) व्हर्जन बदलतं, तेव्हा त्यावर इंडेक्स असेल तर तोही पुन्हा बांधायचा.

लोकेल_तपासनीस

त्यात एवढंच जोडतो: १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपलीय, पुढच्या व्हर्जनवर जावंच लागेल. तेव्हा पीजी-अपग्रेड न वापरता डंप-रिस्टोअर करा. पीजी-अपग्रेड इंडेक्स जसेच्या तसे उचलतं, रिस्टोअर ते नव्याने बांधतं. १५ पासून डेटाबेसमध्ये कोलेशनचं व्हर्जन नोंदलेलं असतं आणि ते जुळलं नाही तर जोडणी करताना वॉर्निंग येते. ती आली की आधी रीइंडेक्स, मग 'ऑल्टर डेटाबेस… रिफ्रेश कोलेशन व्हर्जन'. उलट केलंत तर वॉर्निंग जाते आणि बिघडलेले इंडेक्स तसेच राहतात.

स्टँडबाय (प्रायमरी म्हणजे मुख्य सर्व्हरची चालती प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) असेल तर तोही रॉकी ९ वरच हवा. प्रायमरी नव्यावर आणि स्टँडबाय सेंटओएस ७ वर राहिला, तर आज दुरुस्त केलेला इंडेक्स तिकडे वाचताना उलटा चुकेल.