थोनेटच्या १४ नंबर खुर्चीचं खरं देणं कोणतं, वळण की स्क्रू?

रंधा: डायनिंग टेबलाच्या खुर्च्यांसाठी गेल्या महिन्यात चार दुकानं पालथी घातली. गोल पाठीची कुठलीही खुर्ची दिसली की दुकानदार म्हणणार, "थोनेट स्टाइल". मला हे पटत नाही. फर्निचर बनवणाऱ्या मिखाएल थोनेटची १८५९ सालची, वाकवलेल्या लाकडाची १४ नंबर खुर्ची जगभर गेली ती सुटी होत होती म्हणून. लाकडाचे ६ भाग, १० स्क्रू, २ नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या आणि पोचल्या ठिकाणी जोडल्या जायच्या. १९३० पर्यंत सुमारे ५ कोटी खपल्या. आज खोक्यातून येते आणि आपण घरी जोडतो, ती खुर्ची तिची खरी वारस.

कानस: साफ असहमत. वळण नसतं तर स्क्रूंवर भागलंच नसतं. लाकडाचा दांडा वाकवला की बाहेरच्या अंगाचे तंतू ताणून फाटतात. थोनेटने त्या अंगाला लोखंडी पट्टी लावून दोन्ही टोकं आवळली. मग बीच झाडाच्या लाकडाचा वाफवलेला दांडा साच्यावर वाकवताना लाकूड ताणलं न जाता दाबलं जातं. त्यामुळे मागचे दोन पाय आणि पाठ एकाच दांड्यात निघाली, तिथले सांधेच गेले! याआधी तो पातळ पट्ट्या सरसाने चिकटवून वाकवायचा, पण दमट हवेत सरस सुटायचा. हा सगळा खटाटोप शोभेसाठी नव्हता.

रंधा: पट्टीचा मुद्दा मान्य. पण पुढे काय झालं बघा. डिझायनर मार्सेल ब्रॉयरने लाकडाऐवजी पोलादी नळी वाकवली, त्या खुर्च्या थोनेट कंपनीनेही बनवल्या. आज बाजारात त्या नळीच्या स्वस्त नकला आहेत. वळण आलं, दुरुस्ती गेली. माझ्या घरी एका खुर्चीचं वेल्डिंग तुटलं आणि अख्खी खुर्ची भंगारात द्यावी लागली. उलट इराण्याकडच्या त्या जुन्या लाकडी खुर्च्या आठवा. स्क्रू ढिला झाला, आवळा. वेत फाटला, विणून घ्या, नाहीतर प्लाय ठोका. पिढ्यान्‌पिढ्या चालल्या.

माजघर: तुम्ही दोघंही बनवणाऱ्याच्या बाजूने बोलताय. बसणारीचं ऐका. ही कॉफीहाउसची खुर्ची, अर्ध्या तासाची. आमच्या जेवणाच्या टेबलावर मुलांचा अभ्यास होतो, माझं ऑफिस चालतं. तासाभरात कंबर बोलायला लागते. सासूबाई ७८ वर्षांच्या, त्यांना उठताना धरायला हात नाहीत. डॅनिश डिझायनर हान्स वेगनरची १९४९ची विशबोन खुर्ची बघा. पाठीचा दांडा वाफेवरच वाकवलेला, पण पुढे आणून कोपराखाली दिलेला. माझ्या मते आजच्या चांगल्या डायनिंग खुर्चीने धडा घेतला तो तिच्याकडून.

कानस: माजघरताई, तसा दांडा थोनेटकडे आधीच होता. वास्तुविशारद ल कॉर्बुझिएने १९२५च्या पॅरिस प्रदर्शनातल्या आपल्या दालनात थोनेटचीच हातांची खुर्ची मांडली होती. तिची पाठ आणि हात एकाच वाकवलेल्या दांड्याचे आहेत.

माजघर: आत्ताच फोटो पाहिला. पाठ थेट हातात उतरते, हे खरं. मग तुम्हा दोघांचं भांडण १४ नंबरवरच का अडलंय? दुकानदारही तिचीच नक्कल मांडून बसतात. सासूबाईंसाठी मला ही हातांची हवी आहे. पुण्यात कोणी बनवून देत असेल तर सांगा.