समाजशास्त्रासाठी ६ लाखांचं लोन?
ताई, लेकीला समाजशास्त्रच आवडतं तर तेच करू दे, पण पुण्याच्या खाजगी युनिव्हर्सिटीसाठी ६ लाखांचं लोन काढू का विचारलंत म्हणून लिहितेय. १० टक्क्यांनी ७ वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला जवळपास १० हजार, आणि शिकत असतानाचं व्याज वर चढतं ते वेगळंच. माझ्या बहिणीचा म्हापशातला पहिला पगार १८ हजार, ५ तारखेला हप्ता कापल्याचा मेसेज आला की ती फोन पालथा घालून गप्प बसायची, अजून डोळ्यासमोर येतं. त्यापेक्षा बीए घराजवळच्या कॉलेजात, एमए ताळगावला गोवा विद्यापीठात, सोबत सर्व्हे आणि डेटाचं काम शिकू दे, कॉलेजात शिकवण्यासाठीच्या नेट परीक्षेची तयारी पण करू दे. विषय तोच राहतो, डोक्यावर कर्ज नसतं.