समुद्रकाठच्या लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांना काय काय सांगायचं? अनुभव लिहा

रानजाई
भाचीचं लग्न मार्गशीर्षात तारकर्लीला ठरलंय, अगदी घरगुती, मानपान काही नाही, संध्याकाळी वाळूवरच सप्तपदी. काल फोन करून म्हणाली, मावशी पाहुण्यांना व्हॉट्सॅपवर एकच मेसेज पाठवायचाय, त्यात काय काय लिहू? मला एकदम नणंदेचं गुहागरचं लग्न आठवलं. तेव्हा डेस्टिनेशन वगैरे कुणी म्हणत नव्हतं, त्यांचं घरच समुद्राला लागून होतं. मुंबईची मंडळी चपला हातात घेऊन मांडवात आली आणि आजेसासऱ्यांना दोन पोरांनी खुर्चीसकट उचलून आणलं. आजोबा खुशीत होते, सासूबाईंचा मात्र जीव वरखाली. म्हणून माझं ठाम मत आहे, वाळूतून किती चालायचंय ते वयस्कर मंडळींना आधी कळवायलाच हवं आणि त्यांच्यासाठी फळ्या किंवा काथ्याची मॅटिंग टाकून वाट करायलाच हवी. कोरड्या वाळूत व्हीलचेअर ढकलता येत नाही. लिहा सगळ्यांनी, एकत्र करून तिला पाठवते.

खाडीकाठ
मुहूर्त बघता तशी भरतीपण बघा हो! आमच्याकडे हिशेब सोपा, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. पौर्णिमा-अमावस्येला दुपारी बाराच्या आधी भरती म्हणजे संध्याकाळी ओहोटी, वाळू भरपूर, पण ते उधाणाचे दिवस, दुपारी पाणी पार वर येतं, त्यामुळे खुर्च्या ते उतरल्यावरच मांडायच्या. अष्टमीला भांगाची भरती, तेवढी वर येत नाही.

निमाताई
हिल्स नकोत. कोल्हापुरीपण नको, भिजली की गेली.

दादरकर
तुतारी एक्सप्रेस!! दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे शनिवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. आमच्या चुलतभावाच्या लग्नात काकांचं अख्खं कुटुंब एक दिवस उशिरा स्टेशनवर पोचलं, गाडी आदल्या रात्रीच गेलेली, मग रात्रीच गाडी ठरवून निघाले आणि हळदीला पोचले तेव्हा काकूंना रडूच आलं. मेसेजमध्ये वारासकट लिहा. आणि रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून, पूर्वीसारखं १२० नाही. तारकर्लीला उतरायचं कुडाळला, पुढे मालवणपर्यंत एसटी किंवा रिक्षा.

रानजाई
बापरे, काकूंचं वाचून वाईट वाटलं. वार लिहायला सांगते.

पेडणेकरीण
विमानाने येणाऱ्यांना नुसतं गोवा एअरपोर्ट सांगू नका. आता दोन आहेत, दाबोळी वास्कोजवळ आणि मोपा आमच्या पेडण्यात, २०२३ पासून. वेंगुर्ला-मालवणकडे जायला मोपा जवळ. हरमलच्या एका लग्नाला नवऱ्याचे मित्र दाबोळीला उतरले आणि अख्खा गोवा पार करून आले, अक्षता पडून गेल्या होत्या. मुंबईसारखी अ‍ॅपवर लगेच गाडी मिळेल असंही धरू नका, आधीच ठरवून ठेवा.

सोलकढी
लग्नाच्या दिवशी मासे नसतात हे लिहा प्लीज. बाहेरचे पाहुणे सुरमई शोधत येतात आणि पंगतीत वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं. त्यात मार्गशीर्षातले गुरुवार. मासे दुसऱ्या दिवशी म्हणून सांगितलं की मंडळी आनंदाने एक रात्र जास्त राहतात.

निमाताई
सांबाऱ्याची रेसिपी द्या ना, माझे वाटाणे कायम कच्चेच राहतात

सोलकढी
रात्रभर भिजवले तरी जुने असतील तर शिजत नाहीत. यंदाचे घ्या, आणि आमसूल वाटाणे पूर्ण शिजल्यावरच घाला. बाकी भाजलेलं कांदा-खोबरं नि मालवणी मसाला.

वाऱ्यावरची
वारा! दिवसा समुद्राकडून जोरात येतो. दिवेआगरला बहिणीच्या लग्नात अंतरपाट नुसता फडफडत होता, शेवटी दोन्ही मामांनी खालची टोकं पायाखाली दाबून धरली आणि मंगलाष्टकं पूर्ण झाली. इतकं छान दिसत होतं ते! अक्षता मात्र सगळ्या एकाच बाजूला. होमाला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा करा. सूर्य बुडाला की वारा पडतो. पाहुण्यांना सांगा केस बांधून या, साडीला पिना जास्तीच्या लावा.

भटका_सुहास
गाड्या वाळूवर नेऊ नका, कितीही मोठी एसयूव्ही असली तरी. आमच्यातल्या एकाची फोटोसाठी खाली नेली ती रुतली, भरती चढायला लागली, कोळी बांधवांनी ट्रॅक्टर लावून ओढून काढली. गावातली माणसं म्हणून वाचली गाडी. दापोलीकडून गुहागरला येणाऱ्यांसाठी दाभोळ-धोपावे फेरी बेस्ट, चिपळूणचा वळसा वाचतो, पण रात्री उशिरा मिळत नाही, तेवढं बघून निघा.

खाडीकाठ
अजून एक मनापासून सांगतो. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वेळास-आंजर्ल्यासारखी गुहागरलापण घरटी असतात, सिंधुदुर्गातही काही किनाऱ्यांवर. रात्रभर फोकस नि डीजे असला की मादी तशीच परत जाते आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने भलतीकडेच चालायला लागतात. सप्तपदी झाली की किनाऱ्यावरचे दिवे बंद करा, बाकी नाचगाणी आत अंगणात. पाहुणे समजून घेतात, लहान मुलं तर उलट कासवांची चौकशी करत बसतात.

रानजाई
हे पहिलंच लिहायला सांगते. खाडीकाठ, मुहूर्त शुद्ध पंचमीचा आहे, संध्याकाळी सहा. तुमच्या हिशेबाने कसं?

खाडीकाठ
पंचमी म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. सहाला पाणी उतरत असेल पण वाळू ओली राहणार. मांडव सुरूच्या झाडांकडे वर घ्या आणि सतरंजीखाली ताडपत्री टाका. आदल्या दिवशी तिथल्या एखाद्या रापणवाल्याला (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या कोळ्याला) पाणी कुठवर येतं ते विचारून खूण करून घ्या.