'गुड फर्स्ट इश्यू' शोधून दमलो, ओपन सोर्समध्ये शिरायचं तरी कुठून?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. ३ वर्षं जावामध्ये बॅकएंडचं काम करतोय. नोकरीत तेच ते चालतं, म्हणून ओपन सोर्समध्ये (ज्याचं कोड सगळ्यांना खुलं असतं अशा सॉफ्टवेअरमध्ये) काहीतरी करावं असं बरेच दिवस मनात आहे. त्यापायी ३ शनिवार घालवले आणि पदरात काही पडलं नाही.

पहिल्या शनिवारी गिटहबवर (असं कोड जिथे ठेवतात त्या साइटवर) 'गुड फर्स्ट इश्यू' हे नवख्यांसाठीच्या सोप्या इश्यूंचं, म्हणजे नोंदवलेल्या चुका-कामांचं, लेबल लावून शोधलं. जो इश्यू उघडावा त्याखाली आठ-दहा जण आधीच रांगेत, 'मला असाइन करा, मला असाइन करा'. एकाला खरंच असाइन झालं होतं, तेही ७ महिन्यांपूर्वी, आणि पुढे सामसूम. दुसऱ्या शनिवारी एक भलामोठा प्रोजेक्ट क्लोन केला, म्हणजे सगळं कोड उतरवून घेतलं. त्यातून प्रोग्रॅम बनवायचं काम, म्हणजे बिल्ड, ४० मिनिटं चाललं आणि शेवटी कुठलीशी लायब्ररी सापडत नाही म्हणून आडवं पडलं. तिसऱ्या शनिवारी एका रीडमीमधली (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमधली) स्पेलिंगची चूक सुधारून पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' ही विनंती, पाठवली. तासाभरात बंद. का, ते सांगण्याचीही तसदी नाही.

तर प्रोजेक्ट निवडायचा कसा? काम सुरू करण्याआधी कुणाला विचारावं लागतं का? आणि एक मनातली भीती: माझं इंग्रजी यथातथाच आहे. जगासमोर हसं होईल का?

झटपट_राव

एवढा विचार कशाला करताय? चॅटबॉटला इश्यूची लिंक द्या, तो पॅच (कोडमधली दुरुस्ती) लिहून देतो, तुम्ही पाठवून द्या. दहा पाठवले की एखादा लागतोच. प्रोफाइल हिरवंगार दिसतं.

पायमोडका_त

झटपटराव, तुमचे न लागलेले नऊ कुठे जातात माहीत आहे? माझ्यासारखीच्या इनबॉक्समध्ये. सबटायटलच्या एका छोट्या प्रोग्रॅमचे आम्ही तिघं मेंटेनर, म्हणजे सांभाळणारे, आहोत, तिघांच्याही नोकऱ्या आहेत. एक पॅच नीट वाचायला अर्धा तास लागतो आणि लिहिणाऱ्याने तो स्वतः चालवूनही पाहिलेला नसतो. चॅटबॉट वापरायला माझी ना नाही, पण ज्या ओळीचं कारण तुम्हाला सांगता येत नाही ती पाठवू नका. काही ठिकाणी तर सरळ मनाई आहे. जेन्टू या लिनक्स प्रोजेक्टने एप्रिल २०२४ मध्ये एआयच्या मदतीने केलेलं काम घ्यायचं नाही असं ठरवलंच.

कोरीपाटी, तुमची स्पेलिंगवाली पुल रिक्वेस्ट का बंद झाली असेल याचा अंदाज मला आहे. हॅक्टोबरफेस्ट हा ओपन सोर्सचा ऑक्टोबरातला उपक्रम २०१४ पासून चालतो, ठराविक पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० साली लोकांनी रीडमीत 'अमेझिंग प्रोजेक्ट' वगैरे शब्द घुसडून इतका कचरा पाठवला की ऐन ऑक्टोबरात नियम बदलावा लागला: जो प्रोजेक्ट स्वतःहून हो म्हणेल, तिथलंच काम मोजायचं. तेव्हापासून एका शब्दाची दुरुस्ती दिसली की पुष्कळ मेंटेनरांचा हात आपोआप 'क्लोज'कडे जातो. तुमची चूक नाही, पण वाट गर्दीची आहे. लेबलांचंही तेच.

माझी सुरुवात चिडचिडीतून झाली. मी मराठी व्याख्यानांना सबटायटल लावायचे. हा प्रोग्रॅम ४२ कॅरॅक्टर झाले की ओळ कापायचा, आणि कापायचा कुठेही. 'नमस्ते' शब्द शेवटाला आला की वरच्या ओळीत 'नमस्' आणि खालच्या ओळीत 'ते'. कधी तर नुसती मात्राच खाली यायची, ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली. आपल्या डोळ्यांना 'नमस्ते'त ३ अक्षरं दिसतात. प्रोग्रॅम मोजायचा ६: न, म, स, पाय मोडायची खूण, त, आणि मात्रा.

पहिल्या आठवड्यात मी कोडला हातच लावला नाही. बंद झालेले इश्यू चाळले (हे लोक विसरतात, शोधताना 'ओपन'ची गाळणी काढून टाका). २ वर्षांपूर्वी कुणीतरी हीच तक्रार केली होती. 'माझ्याकडे असं होत नाही' म्हणून ती बंद झाली होती. मग मी ४ ओळींची एक फाइल बनवली, प्रोग्रॅमची आवृत्ती लिहिली, काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं ते लिहिलं, आणि चित्रात चुकीच्या जागी लाल गोल काढला. दुसऱ्या दिवशी मेंटेनरचं उत्तर आलं, 'आत्ता दिसलं.' त्याला देवनागरी वाचता येत नव्हती. 'नमस्' आणि 'ते' त्याच्या डोळ्यांना अगदी व्यवस्थित दिसत होतं! त्याच्याकडे माझ्या दसपट अनुभव होता, पण ही चूक त्याला दिसणं शक्यच नव्हतं आणि मला न दिसणं शक्य नव्हतं. प्रोजेक्ट निवडायचा कसा, याचं माझं उत्तर हेच आहे. जे तुम्ही रोज वापरता आणि जिथे तुम्हाला दिसतं ते बनवणाऱ्यांना दिसत नाही, तिथे जा.

कोडची गंमत पुढे आहे. 'पाय मोडलेला दिसला की पुढचं अक्षर त्याला चिकटव' असा नियम मी स्वतः लिहिला. ११ ओळी, मी खूष. रिव्ह्यूमध्ये एकाने विचारलं, तमिळचं काय? तमिळमध्ये व्यंजनावर ठिपका देतात आणि पुढचं अक्षर सहसा सुटंच राहतं. माझ्या नियमाने मराठी सुधारली असती आणि तमिळची ओळ नको तिथे अडली असती. त्यांचं म्हणणं, स्वतःचा नियम नको, युनिकोडचे (सगळ्या लिप्यांसाठीच्या प्रमाण पद्धतीचे) ग्राफीम क्लस्टर, म्हणजे डोळ्यांना एक दिसणाऱ्या अक्षराचे गट, वापरा. वापरले, तरी 'नमस्ते' तुटतंच! दोन रात्री गेल्यावर कळलं की आमची लायब्ररी जुनी होती. देवनागरीतली जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत आला, २०२३ साली. शेवटी माझ्या ११ ओळी पुसल्या गेल्या. मर्ज झाल्या, म्हणजे मूळ कोडमध्ये गेल्या, त्या कोडच्या ३ ओळी आणि टेस्टच्या ४० ओळी. वेळ लागला ५ आठवडे.

मधे एक फजितीही झाली. मुख्य ब्रँच (कोडची शाखा) पुढे गेली होती, मी काहीतरी उलटसुलट मर्ज केलं आणि माझ्या पुल रिक्वेस्टमध्ये २१२ कमिट (बदलांच्या नोंदी) दिसायला लागले. घाबरून ती बंद करून नवी उघडली आणि सगळी चर्चा जुनीकडेच राहिली. असं करू नका. मूळ रिपॉझिटरी (प्रोजेक्टचं कोडचं भांडार) 'अपस्ट्रीम' नावाने जोडा, तिथलं ताजं ओढा, त्यावर आपली ब्रँच रिबेस करा (आपले बदल ताज्या कोडवर पुन्हा रचा) आणि 'फोर्स-विथ-लीज' लावून त्याच ब्रँचवर पुश करा. पुल रिक्वेस्ट आपली आपण नीट होते.

परवानगीचं म्हणाल तर: उघड चूक असेल तर विचारायची गरज नाही. प्रोग्रॅमची वागणूक बदलणारं किंवा मोठं काम असेल तर आधी इश्यूमध्ये दोन ओळी टाका, नाहीतर महिनाभर खपून 'हे आम्हाला नकोच होतं' ऐकावं लागतं. 'असाइन करा' म्हणणाऱ्यापेक्षा 'मी ही चूक या पायऱ्यांनी घडवून पाहिली' म्हणणाऱ्याकडे माझं लक्ष आधी जातं. आणि इंग्रजीची काळजी सोडा. लहान वाक्यं लिहा. आमच्या तिघांपैकी एकाचीही मातृभाषा इंग्रजी नाही.

मेलवाला_काका

पायमोडकाबाईंनी छान लिहिलंय, पण जग गिटहबपाशी संपत नाही एवढं सांगतो. लिनक्स कर्नलचे (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) पॅच आजही ईमेलने जातात. कुणाला पाठवायचा ते 'गेट मेंटेनर' नावाची स्क्रिप्ट सांगते, मांडणी 'चेकपॅच' तपासते, आणि मेल साध्या मजकुरातच हवी. एचटीएमएल मेल मेलिंग लिस्टपर्यंत पोचतच नाही. मी पहिल्या वेळी तसाच पाठवला आणि चार दिवस उत्तराची वाट बघत बसलो! बदलांचा हिशोब ठेवणारं गिट हेच मुळी लिनक्सच्या लिनस टॉरवाल्ड्सनी २००५ साली कर्नलसाठी लिहिलं, त्यामुळे ही जुनी पद्धत एकदा करून पाहिली की गिट डोक्यात पक्कं बसतं.

नोकरदारांसाठी एक. कर्नलमध्ये प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी आपल्या नावाची ओळ असते. ही पद्धत २००४ पासूनची. तिचा अर्थ 'हे कोड द्यायचा मला हक्क आहे'. बऱ्याच कंपन्यांच्या करारात घरी लिहिलेलं कोडही कंपनीचं, असं कलम असतं. कोरीपाटी, आपला करार काढून वाचा आणि शंका आली तर ऑफिसातून लेखी होकार घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

कोरीपाटी

ताई, काका, मनापासून आभार. करार काढला. कलम आहे. मॅनेजरला मेल टाकली, त्यांचं 'ऑफिसच्या कामाशी संबंध नसेल तर हरकत नाही' असं लेखी उत्तर आलं.

'रोज कशाची चिडचिड होते' यावर विचार केला तेव्हा लगेच एक गोष्ट आठवली. आम्ही कॉन्फिगरेशन वाचायला एक ओपन सोर्स लायब्ररी वापरतो. फाइलमध्ये काही चुकलं की ती एवढंच म्हणते, 'कॉन्फिगरेशन अवैध'. ६०० ओळींची फाइल, आणि कोणत्या ओळीत ते सांगत नाही. दर वेळी निम्मी फाइल पुसून निम्मी ठेवून शोधतो. बंद इश्यूसुद्धा पाहिले, कुणी लिहिलेलं नाही. सगळ्यांना सवय झाली असावी.

इश्यू टाकतो. पण उत्तर आलंच नाही तर किती दिवस थांबायचं?

पायमोडका_त

दोन आठवडे थांबा, मग एकदाच नम्रपणे आठवण द्या. तरी शांतता असेल तर शेवटचा कमिट कधीचा आहे ते पाहा. प्रोजेक्ट झोपलेला असेल तर दुसरीकडे वळा, त्यात अपमान काही नाही. 'इतका उशीर का' असं मात्र लिहू नका. एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये एकटा थकलेला मेंटेनर होता. काही ऑनलाइन खात्यांवरून लोकांनी त्याच्यामागे सतत तगादा लावला आणि मदतीला आलेल्या 'सज्जना'च्या हाती चाव्या गेल्या. त्यानेच पुढे कोडमध्ये मागचं दार (चोरून आत शिरायची वाट) बसवलं. २०२४ च्या मार्चमध्ये ते सापडलं, कारण आन्द्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खुपलं. त्यानंतर कुणी घाई केली की मी जरा सावध होते.

तुमची तक्रार मला आवडली. पार्सरला (फाइल वाचून उलगडणाऱ्या भागाला) ओळ क्रमांक माहीत असतोच, तो वरपर्यंत पोचत नसणार. चूक कळवणाऱ्या संदेशाची एखादी टेस्ट आधीपासून असेल, तिच्या शेजारी आपली टेस्ट लिहा आणि ती फेल होताना पाहा. आणि बिल्ड अख्खं चालवू नका. मेव्हन (जावाचं बिल्डचं साधन) असेल तर एकाच मॉड्यूलचं नाव देता येतं. ते ४० मिनिटांचं दुखणं तिथेच मिटतं.

झटपट_राव

माझ्या दहातल्या दहाही बंद झाल्या. एकाने लिहिलंय, 'हे फंक्शन आमच्या कोडमध्ये अस्तित्वातच नाही.'

पायमोडका_त

राव, तुम्ही नेमकं काय वापरता रोज? त्यात काय खटकतं ते इथे सांगा, आपण बघू.

कोरीपाटी

ताई, उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं! 'क्रमांक पार्सरकडे आहे, आपण अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना) पुन्हा फेकताना तो सांडतो. टेस्ट पाठवशील का?' एका मॉड्यूलचे टेस्ट २० सेकंदांत चालतात. माझी टेस्ट लाल आहे, म्हणजे फेल होतेय, आणि क्रमांक जिथे सांडतो ती ओळही सापडली. एवढंच विचारायचं होतं: माझे ५ कमिट झालेत, पाठवण्याआधी स्क्वॅश करू का, म्हणजे सगळ्यांचा एकच करू का?

पायमोडका_त

आधी हिरवी होऊ द्या. मग त्यांची काँट्रिब्यूटिंग फाइल (काम पाठवायचे नियम) उघडा, तिथे लिहिलेलं असेल. नसेल तर तसेच पाठवा, बरेच मेंटेनर मर्ज करताना स्वतःच स्क्वॅश करतात.