गिरणीचा पगार थांबल्यावर घर कोणी चालवलं? (अनुभव धागा)

18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि संप मागे घेतल्याचं रीतसर कधी जाहीर झालंच नाही. संपाचे नेते दत्ता सामंत, बोनस, युनियनची मान्यता यांवर पुष्कळ लिहून झालंय. इथे घरातलं लिहूया. पगार थांबल्यावर पैसा कोणाकडून यायला लागला, आणि त्यानं घरात काय बदललं? ऐकीव चालेल, पण आपल्याच घरचं हवं.

माझ्यापासून सुरुवात करते. आई चिंचपोकळीला चाळीतल्या खोलीत खानावळ चालवायची. गावाहून एकटे आलेले कामगार जेवायला असायचे, पगार झाला की महिन्याचे पैसे चुकते करायचे. संपात खानावळींनी घरं तगवली असं सगळे म्हणतात. आमच्याकडे उलट झालं, कारण जेवणारेच संपावर. त्यांना उपाशी कसं ठेवणार? आईने उधारीवर वाढलं. मग एकेक जण गावी निघून गेला, उधारी वहीतच राहिली आणि वाण्याचं देणं आईच्या डोक्यावर. तिला उभं केलं अन्नपूर्णा महिला मंडळाने. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये खानावळवाल्या बायकांसाठीच ते सुरू केलं होतं. बायका एकमेकींना जामीन राहायच्या आणि बँक कर्ज द्यायची. त्यातून वाण्याचं देणं फिटलं आणि आईने ऑफिसांचे डबे धरले. बाबांना गिरणीत परत घेतलं नाही. ते भाजी चिरायचे, डबे घासायचे. तरी 1991 च्या जनगणनेला माणूस दारात आला तेव्हा बाबांनी स्वतःपुढे 'गिरणी कामगार' सांगितलं आणि आईपुढे 'घरकाम'. आई आत पोळ्या लाटत होती.

*

आमचे वडील साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात. संप लांबला तसे भिवंडीला गेले. कसब तेच, पण गिरणीत आठ तासांची पाळी, फंड, ईएसआयचा (कामगार विम्याचा) दवाखाना, भरपगारी रजा. पॉवरलूमवर बारा तास, मीटरवर पैसे, वीज गेली की कमाई बंद. झोपायचंही कारखान्यातच. त्यांची सुट्टी शुक्रवारी, आमची रविवारी. त्यामुळे घरी आले तरी आम्ही शाळेत. कपड्यांना कापसाची तूस पूर्वीसारखीच असायची, पगाराचं पाकीट मात्र नसायचं. पुरेना म्हणून मोठ्या भावाने दहावीनंतर शाळा सोडली. धाकट्या आम्हा दोघांची शिक्षणं त्याच्या पगारावर झाली, हे मी माझ्या मुलांना मुद्दाम सांगतो.

*

मी तेव्हा कणकवलीजवळ आजीकडे. पोस्टमन दिसला की आजी विचारायची, "मनीऑर्डर इली काय रे?" मनीऑर्डर थांबली आणि मुंबईहून माणसंच आली: काका, काकू, तीन पोरं. भात तेवढंच, खाणारी तोंडं दुप्पट. काकू लालबागला वाढलेली, चिखलात पाय घातला नव्हता कधी. ती पहिल्याच पावसात लावणीला उतरली, पुढे दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीलाही गेली. काका मात्र देवळाच्या पायरीवर बसून "पुढच्या महिन्यात गिरणी सुरू होतली" म्हणायचे. त्यांना दोष देत नाही. वीस वर्षं भोंग्यावर उठलेल्या माणसाला दुसरं काही सुचतच नव्हतं. त्यांच्या मुलाने मोठेपणी मुंबईचं नावही काढलं नाही, तो म्हापशाला हॉटेलात लागला.

*

आमच्याकडे आई इमिटेशनच्या दागिन्यांना खडे लावायची, ग्रोसवर (बारा डझनांवर) पैसे. आम्ही भावंडंही बसायचो. शाळेची फी त्यातूनच. बाबा यावर अजून बोलत नाहीत.

*

मी लोअर परळला नोकरी करते. आजोबा ज्या गिरणीच्या त्रासनखात्यात (सूत कातायच्या खात्यात) होते, तिच्याच आवारातल्या इमारतीत. आजोबांच्या एका पगारात आठ माणसं जेवायची, गावी पैसे जायचे. आम्ही नवराबायको दोघं कमावतो. घराचा हप्ता आणि पाळणाघर गेलं की फार उरत नाही. शिवाय ते पर्मनंट होते, माझं काम कंत्राटावर.

घराचंही सांगते. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने 2012 मध्ये काढलेल्या पहिल्या सोडतीत आजोबांचं नाव लागलं, पण ते आधीच गेले होते. वारसाचे कागद, प्रतिज्ञापत्रं, भावंडांच्या सह्या... आणि भरायचे साडेसात लाख. काका म्हणाले, घर मुलाच्या नावावर व्हायला हवं. पैसे कोणाकडे होते? आत्याकडे. संपात पंधराव्या वर्षी ती दवाखान्यात आया म्हणून लागली होती, तेव्हापासून घरात तिचाच पैसा. शेवटी आजीने ठणकावलं की पैसे जिचे, घर तिचं. काका दोन वर्षं बोलत नव्हते. आजीचं बरोबरच होतं, असं माझं ठाम मत आहे.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार, आत्याला माझा नमस्कार सांगा. बदली कामगारांच्या घरचं अजून कुणीच लिहिलेलं नाही. त्यांना रोज गेटवर उभं राहून काम मिळतंय का बघावं लागायचं, म्हणजे त्यांच्या घरी बायकांची कमाई संपाच्या आधीपासूनच लागत असणार. त्यांनी जरूर लिहा. सोलापूरकरांनीही, तिथल्या गिरण्या बंद झाल्यावर विडी वळणाऱ्या बायकांनी घरं कशी सांभाळली ते वाचायचंय.